देवावरचा भरवसा आणि 'सगळं ठीक होईल'

'देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.' ह्यांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून हे वाक्य कितीतरी जणांनी मला ऐकवलंय. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते, त्याबद्दल शंका नाही. पण या वाक्याचे दोन तुकडे मला वेगळे करायचे आहेत. देवावर माझा विश्वास आहे. सगळं ठीक होईल की नाही, हे मला माहीत नाही. आणि दुसरं खरं ठरलं तरच पहिलं टिकेल, अशी अट मी घातलेली नाही.

ज्यांच्या घरात किडनीचं दुखणं आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मशीनवर, किडनीचं रक्त गाळायचं काम ते मशीन करतं. हाताची शीर आणि धमनी जोडून फिस्तुला केलेला असतो, त्यात दोन जाड सुया. ह्यांना दिवसाला पाऊण लिटरच्या वर पातळ पदार्थ चालत नाहीत, आणि त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाऊण लिटर! भाज्या चिरून, उकळून, ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे आजारी किडनीला बाहेर टाकता न येणारं पोटॅशियम कमी होतं. आजाऱ्याला आपण हटकून शहाळं नेतो ना, तेच इथे वर्ज्य, त्यातही पोटॅशियम असतं म्हणून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं. फिस्तुलावर बोट ठेवलं की आतून वाहत्या रक्ताची थरथर लागते. ती रोज तपासायची, थांबली तर तडक दवाखाना. सकाळी आधी त्यांचा हात बघते, मग देवापुढे दिवा लावते. हा क्रम देवाला चालत असणार.

पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाच्या केंद्राकडे, ह्यांचं नाव नोंदवलंय. घरातल्या कुणाची किडनी जुळली नाही. आता यादी. रक्तगट, किती काळ डायलिसिसवर आहे, अशा गोष्टींवरून क्रम लागतो. त्यात आपण काहीही पुढेमागे करू शकत नाही. फोन जवळ ठेवायचा, एवढंच आपल्या हातात.

आणि इथेच माझी प्रार्थना अडली. 'देवा, लवकर किडनी मिळू दे' असं म्हणायला हात जोडले आणि लक्षात आलं की मी काय मागतेय. मेंदू मृत झालेल्या माणसाची किडनी मिळते. म्हणजे कुणाच्या तरी घरचा धडधाकट मुलगा सकाळी गाडीवरून गेलेला असणार. माझ्या घरात सुख यावं म्हणून त्या घरावर तो दिवस यावा, हे मी विठ्ठलाकडे कसं मागू? कित्येक दिवस नुसतीच बसत होते देवापुढे. आता असं म्हणते: ज्या घरावर तो दिवस येणारच असेल, त्या घराला त्या घडीला 'हो' म्हणायचं बळ दे. आणि आम्हाला आजचा दिवस निभावायचं. माझ्या विश्वासाचं सध्याचं रूप एवढंच आहे. डॉक्टरांचं काम डॉक्टरांकडे, पथ्यपाणी माझ्याकडे, आणि यादीत पुढचं नाव कुणाचं ते त्याच्याकडे. त्याच्याकडचं काम मी माझ्या डोक्यावर घेतलं की रात्र रात्र झोप लागत नाही, हा अनुभव आहे.

तुकोबांचा आधार मला वाटतो तो याचसाठी. त्यांच्या घरात विठ्ठलभक्ती पिढ्यान्पिढ्या चालत आलेली, देहूतली महाजनकी, व्यापार, सावकारी. म्हणजे देवाचं काही करायचं राहिलं होतं असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी आईवडील गेले, मग १६३० चा दुष्काळ आला, धंदा बुडाला, पहिली बायको रखमाबाई गेली, संतू नावाचा मुलगा गेला. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, काहीही मऊ न करता. त्याच अभंगात थोडं पुढे ते म्हणतात की देवाचं देऊळ भंगलं होतं, ते करावंसं मनात आलं. रखमाबाई परत येणार नव्हती. पडकं देऊळ मात्र समोर होतं, आणि त्या माणसानं ते दुरुस्त करायला घेतलं. या दोन गोष्टी एकाच अभंगात आहेत, यावर मी खूप वेळा विचार केलाय.

'बरें जालें देवा निघालें दिवाळें' हेही तुकोबांचंच, आणि आजाऱ्याच्या घरी येऊन ते ऐकवणारे लोक असतात. मला हे सहन होत नाही. ते तुकोबांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलं आहे. दुसऱ्याच्या दिवाळ्याला 'बरं झालं' म्हणायचा हक्क कुणालाच नाही. तसंच 'मागच्या जन्मीचं', 'कुलदैवताचं काही राहिलंय का बघा'. आणि त्याहून घातक, 'डायलिसिस बंद करा, आमच्याकडे एक चूर्ण आहे.' कृपा करून हे कुणालाही सांगू नका. मशीन सोडून चूर्णाच्या मागे लागलेली माणसं धाप लागलेल्या अवस्थेत परत आलेली मी डायलिसिसच्या वॉर्डात बघितली आहेत. श्रद्धा म्हणून कुणी हे करत असेल तर तो देवावर जीवघेणा भार टाकतोय.

देवावर चिडायचं नाही, असंही सांगतात. का नाही? जनाबाई विठोबाला 'अरे विठ्या विठ्या' म्हणून सरळ शिव्या घालते, आणि तरी दळताना तोच तिच्या शेजारी बसतो अशी आपली परंपरा सांगते. मीही भांडते. मागच्या आषाढीला इथून पंढरपूरला दिंड्या चालल्या होत्या आणि हे मशीनवर होते. दर वर्षी चालणारा माणूस! त्या दिवशी मी विठ्ठलाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी हरिपाठ म्हटला. ज्याच्याशी काही नातंच उरलं नाही त्याच्याशी माणूस भांडत बसत नाही, तसंच देवाचंही.

तुमच्या ओळखीत कुणी डायलिसिसवर असेल तर एक विचारा, 'डायलिसिस कुठल्या वाराला असतं?' त्या दिवशी चार तास तुम्ही तिथे बसा आणि घरच्या माणसाला घरी पाठवा, जेवायला, निजायला. शहाळं नेऊ नका. आणि अवयवदानाबद्दल आपल्या घरी एकदा बोलून ठेवा, सगळे धडधाकट असताना, जेवणाच्या ताटावर बोललात तरी चालेल. वेळ आल्यावर घरच्यांना ते नव्यानं ठरवावं लागू नये.