काळ्या मातीतला अडतीस फुटी खांब

मृग लागायला चार दिवस राहिले, म्हणून आज सकाळीच माझ्या रेडिओ अँटेनाच्या खांबाला धरणाऱ्या तारांचे, म्हणजे ताणांचे, टर्नबकल (तार आवळायचे स्क्रू) तपासले. त्यातला एक टर्नबकल दोन आटे ढिला निघाला. मागच्या महिन्यात तो घट्ट होता आणि मधल्या काळात कोणी हात लावला नाही. हलली ती जमीन.

हॅम रेडिओत, म्हणजे हौसेने रेडिओवरून एकमेकांशी बोलण्याच्या छंदात, नवीन आलेली पोरं मला रेडिओ कोणता घेऊ ते विचारतात, अँटेना कोणती बांधू ते विचारतात. खड्डा किती खोल घेऊ, हे विचारणारा अजून भेटायचा आहे. माझं मत सांगतो, आणि ते आपल्या यवतमाळ-वाशीम-अमरावतीकडच्या काळ्या जमिनीपुरतंच आहे: पहिला पैसा जमिनीखाली घाला, उरला तर रेडिओ घ्या. आणि उंचीची हाव सोडा.

हे ज्ञान मला गोठ्याच्या टिनांनी दिलं. पहिला खांब मी मे महिन्यात उभा केला. 20-20 फुटांचे दोन जीआय पाईप, एकात दुसरा सरकवून 38 फूट. जमीन तेव्हा अशी टणक की सब्बल मारली की हाताला झिणझिण्या येत. दीड फुटावर मी थांबलो. म्हटलं, इतक्या दगडासारख्या जमिनीतून खुंटा उपटतो कोण? ताणही खांबापासून दहाच फुटांवर बांधले, कारण त्यापुढे आईच्या कुरडया वाळत होत्या. पहिले दोन पाऊस निभावले. तिसऱ्या संध्याकाळी वारा-वावधान सुटलं आणि खांब गोठ्यावर आडवा. तार तुटली नव्हती, खुंटा वाकला नव्हता. भिजल्या कणकेतून बोट निघावं तसा तो मातीतून निघून आला होता. बैल वावरात होते, हे नशीब.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात भेगांत हात जातो, हे काय तुम्हाला सांगायचं! घरांच्या भिंतींना याच कारणाने तडे जातात. रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने असल्या जमिनीसाठी खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे पायाचे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, काढले. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तिथवर ऋतूची ओल-कोरड फारशी पोचत नाही. आपल्याला खांबासाठी एवढं करायची गरज नाही, पण युक्ती तीच. आता माझे खड्डे चार फुटांचे आहेत, मुरमात पोचलेले. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखे. तळाला लोखंडी सळ्या आणि काँक्रीट. वर काळी माती परत लोटली नाही, मुरूमच ठोकून भरला. ताण 28 फुटांवर नेले, तीन दिशांना, दोन उंचींवर. ताण खांबाच्या फार जवळ असला तर तो खांबाला धरण्यापेक्षा खाली दाबतोच जास्त. कुरडया आता गच्चीवर वाळतात. आई अजून त्यावरून बोलते.

वाऱ्याचा हिशोबही करून ठेवा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस 875 मध्ये, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 158 किलोमीटरच्या आसपास. रोज एवढं वारं येत नाही, पण खांब रोजच्या वाऱ्यासाठी बांधतच नाहीत. आणि 11 केव्हीची विजेची लाइन खांबाच्या उंचीच्या दीडपट तरी लांब हवी. खांब कधी ना कधी पडणार असं धरूनच जागा निवडायची. आमच्याकडे लाइन वावरातून आडवीतिडवी जाते, त्यामुळे जागा शोधण्यातच माझा महिना गेला.

उंचीचं म्हणाल तर 40 मीटर बँडसाठी (हे 40 मीटर लहरीच्या लांबीचे, खांबाच्या उंचीचे नव्हे) 10-10 मीटरच्या दोन बाजूंची तार उलट्या व्ही आकारात टांगली आणि मधलं टोक 30-35 फुटांवर ठेवलं तर लहरी बऱ्याचशा सरळ वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली येतात. नागपूर, नाशिक, पुणे दिवसा गप्पा मारता येतात. राज्यातल्या राज्यात बोलायला ही बुटकी अँटेनाच चांगली! उंची लागते ती 144 मेगाहर्ट्झच्या बँडला, कारण त्या लहरी साधारण क्षितिजापर्यंतच पोचतात. तिथेही क्षितिज दुप्पट लांब न्यायचं तर उंची चौपट लागते. 10 मीटरवरून साधारण 13 किलोमीटर, 40 मीटरवरून 26. तेवढ्यासाठी कोण 130 फूट चढतो?

आता विजेचं. खांब उभा झाल्या दिवशी शेजारचे काका धुऱ्यावर येऊन म्हणाले, "तुह्या खांबानं इज पडन न आमच्या ढोरायवर!" त्याआधी मोबाईलचा टॉवर समजून त्यांनी कंपनी भाडं किती देते तेही विचारलं होतं. मी भाड्यावर हसलो, विजेवर हसलो नाही. खांब ढग ओढून आणत नाही, पण ढग डोक्यावर आलाच तर आसपासच्या बुटक्या गोष्टींपेक्षा खांबावर पडायची शक्यता जास्त, हे खरं. आणि पडली की जमिनीत करंट पसरतो. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब-लांब, त्यामुळे दोन्हींमधला विजेच्या दाबाचा फरक त्याला आपल्यापेक्षा घातक. म्हणून खांबाला किंवा ताणाला बैल बांधू देत नाही, कोणाचाच.

अर्थिंगची गंमत अशी की जी काळी माती पायाला वैरी, तीच ओली असताना अर्थिंगला मैत्रीण. पण विजा कडाडतात त्या मे-जूनमध्ये, तेव्हा वरची माती कोरडी असते आणि सळईपासून सुटलेली असते. म्हणून दोन फुटांची सळई ठोकून समाधान मानू नका. मी तीन लांब सळया ओलीपर्यंत नेल्या, एकमेकींना जोडल्या आणि घराच्या अर्थिंगलाही जोडल्या. दोन अर्थिंग वेगवेगळ्या ठेवल्या तर दोघींच्या दाबातला फरक रेडिओतून वाट काढतो. केबलवर अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारं साधन, लावलाय, तरी ढग दिसला की केबल काढून घराबाहेर ठेवतो. अरेस्टरवर माझा विश्वास नाही असं नाही, केबल काढण्यावर जास्त आहे.

अर्थिंगची तांब्याची पट्टी मात्र पहिल्या वर्षीच चोरीला गेली. विहिरीवरच्या मोटारीची केबल जिथे टिकत नाही तिथे ती काय टिकणार! आता उघड्यावर गॅल्व्हनाइज्ड पट्टी आहे, तांबं जमिनीत.

आणि रोही, म्हणजे नीलगाय. रात्री कळप सोयाबीनमध्ये उतरतो आणि अंधारात ताणात अडकतो. एकदा टर्नबकलचा हुक सरळ झाला होता. ताणांना छातीच्या उंचीवर पिवळ्या प्लास्टिक पोत्याच्या पट्ट्या बांधल्या, तेव्हापासून बरं आहे. काकांनी रोह्यांसाठी कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी झटका मशीन लावली, तर रेडिओत सेकंदाला एक टक्, रात्रभर. तारेला लागणारं गवत मी स्वतः कापून दिलं, एक फुटका इन्सुलेटर बदलून दिला, आवाज बराच कमी झाला. त्या दिवसापासून खांबाबद्दल ते बोलले नाहीत. उलट आभाळ आलं की ओरडतात, "वायर काढली काय बे?"

कोणाला आपल्या वावरात खांब उभारायचा असेल तर कळवा, मी येतो. खड्डे मात्र आधी खणून ठेवा, चार फुटांचे. तीन फुटांचे निघाले तर चहा पिऊन परत जाईन.