‘मुलांचं नुकसान’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एकाच सर्व्हरवर तीन पायथन अ‍ॅप स्वतंत्र व्हेन्व्हमध्ये (प्रत्येक अ‍ॅपच्या पॅकेजेससाठी वेगळं फोल्डर) कशी चालवायची, या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न देता लिहिलंत: ‘डॉकरच्या जमान्यात व्हेन्व्ह शिकवणं म्हणजे मुलांचं नुकसान. शिवाय तिन्ही अ‍ॅप एकाच युजरखाली, मग सुरक्षा कुठे?’ (डॉकर म्हणजे अ‍ॅप त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट वेगळ्या डब्यात चालवायचं साधन.)

आधी माझी चूक. सर्व्हिस फाइलमधला (अ‍ॅप सर्व्हरवर कसं सुरू करायचं ते सांगणारी फाइल) एक पाथ चुकला होता, तो तुम्ही दाखवलात आणि मी सुधारलाय. त्याबद्दल आभार.

पण ‘नुकसान’ हा शब्द मला लागला. २०१८ साली ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा ऑफिसात तीन साइट्स मी एकटा सांभाळत होतो. सर्व्हर एक, रॅम २ जीबी, आणि सगळ्यांना मिळून एकच सिस्टिम पायथन. जुनी साइट जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) १.११ वर होती. शुक्रवारी संध्याकाळी नव्या साइटसाठी पिप (पॅकेज बसवणारं साधन) चालवलं, जँगो २.० आलं, अपाचे वेब सर्व्हर रीस्टार्ट केला आणि जुनी साइट झोपली. २.० मध्ये फॉरेन कीला (एक टेबल दुसऱ्याला जोडणारं फील्ड) ऑन_डिलीट (जोडलेली नोंद पुसली तर काय करायचं ते) लिहिणं सक्तीचं झालं होतं, आणि आमच्या मॉडेलमध्ये ते एकाही ठिकाणी नव्हतं. बदलापूरची शेवटची लोकल गेली. पहाटेच्या गाडीने घरी पोचलो. रात्री दीड वाजता ट्रेसबॅक (एरर कुठून आली त्याचा माग) वाचत बसायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? आली असती तर हा शब्द इतक्या सहज लिहिला नसता.

त्याच आठवड्यात तिन्ही साइट्सना वेगळं व्हेन्व्ह दिलं. सर्व्हिस फाइलमध्ये त्या त्या व्हेन्व्हच्या बिन फोल्डरमधल्या गनिकॉर्नचा (पायथन अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) पूर्ण पाथ दिला की अ‍ॅक्टिव्हेटसुद्धा करावं लागत नाही. कुठल्या डोमेनची रिक्वेस्ट कुठल्या अ‍ॅपच्या सॉकेटला द्यायची, ते पुढे बसलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स बघतो. व्हेन्व्ह २०१२ पासून, पायथन ३.३ पासून स्टँडर्ड लायब्ररीत आहे. डेबियन १२ वर सिस्टिम पायथनमध्ये पिप चालवायला गेलात तर तो नकार देतो आणि व्हेन्व्ह करा म्हणून सांगतो. हे जुनाट कसं?

माझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्या मुलांचे लॅपटॉप ४ जीबीचे आहेत. पॅकेज कुठल्या फोल्डरमध्ये जातं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं, की उद्या डॉकरफाइल (डॉकरचा डबा कसा भरायचा ते सांगणारी फाइल) त्यांना आपसूक कळेल. मी डॉकरच्या विरोधात एक ओळही लिहिलेली नाही. लेख परत वाचा.

युजरचं म्हणाल, तर तो लेखाचा विषयच नव्हता. प्रत्येक सर्व्हिसला वेगळा युजर देणं हे एका ओळीचं काम आहे.

पुढच्या वेळी नाव लिहून बोला.