व्हेनिअर ‘हवं तेव्हा काढता येतं’? खुलासा

लग्नसराई आली की म्हापसा-फोंड्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘व्हेनिअर म्हणजे दातावरचं नुसतं कव्हर. नको झालं की काढा, दात होता तसाच. आयुष्यभर टिकतं.’

हे खरं नाही. व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेलं पातळ आवरण. पोर्सिलेनचं व्हेनिअर बसवताना बहुतेक वेळा दाताचं एनॅमल, म्हणजे बाहेरचा कठीण थर, साधारण अर्धा मिलिमीटर घासतात, आणि एनॅमल पुन्हा येत नाही. म्हणजे एकदा घासलेल्या दाताला आवरण कायमचंच लागणार. तेही सहसा 10-15 वर्षांनी बदलावं लागतं, कंपोझिटचं (दाताच्या रंगाच्या रेझिनचं) त्याआधीच.

नुसता पिवळेपणा असेल तर आधी ब्लीचिंगचं, म्हणजे औषधाने दात पांढरे करण्याचं, विचारा. झोपेत दात खाणाऱ्यांनी तर डॉक्टरांना ते सांगावंच, व्हेनिअरचा टवका उडतो. दुसरं मत हवं असल्यास बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय आहेच.