दहा हजार फाइली, ४९९ रुपये आणि ‘सगळे हक्क तुमचे’

गेले दोन-तीन महिने एक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांत फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला; त्यांतले एक किराणा दुकानदार, एक निवृत्त मास्तर. मजकूर थोडक्यात असा: “फक्त ४९९ रुपयांत १०,००० डिजिटल प्रॉडक्ट्स, मास्टर रीसेल राइट्ससह. एकदा घ्या, माल कायमचा तुमचा. नाव बदला, आपलं लेबल लावा, आयुष्यभर जगभर विका. कॉपीराइटची कटकट नाही. १०० टक्के नफा.”

मी डीटीपीचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मराठीत आणि कन्नडमध्येही. दुसऱ्याच्या डिझाइनवर आपलं नाव टाकायचा मोह काय असतो हे मला कुणी सांगायला नको. गेल्या वर्षी असलाच एक बंडल, म्हणजे ई-बुकं, चित्रं, फॉन्ट, टेम्पलेट (तयार साचे) अशा फाइलींचा गठ्ठा, मीही घेतला होता. तो अजून दुकानातल्या हार्ड डिस्कवर पडलाय, म्हणून मेसेजातलं एकेक वाक्य त्याच्याशी ताडून बघता आलं.

“एकदा घ्या, माल कायमचा तुमचा.”

फाइल तुमची. हक्क मूळ कर्त्याने लिहून दिला असेल तेवढाच. शाळेचं जुनं पुस्तक तुम्ही जुन्या पुस्तकवाल्याला विकलं, तर तीच एक प्रत तुमच्या हातून त्याच्या हातात जाते. बाजारात एकदा आलेल्या अशा प्रतीला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १४ आडवं येत नाही. फाइल विकताना तुमची तुमच्याकडेच राहते आणि गिऱ्हाइकाकडे नवी तयार होते. नवी प्रत काढणं हा कर्त्याचा हक्क. वापरलेली ई-बुकं विकणाऱ्या एका डच वेबसाइटच्या खटल्यात युरोपियन युनियनच्या न्यायालयानेही २०१९ मध्ये धरलं, की अशा विक्रीला हक्कधारकाची परवानगी लागते.

“मास्टर रीसेल राइट्ससह... नाव बदला, आपलं लेबल लावा.”

सगळी गफलत या वाक्यात आहे. दोन वेगळ्या परवानग्या एका दमात सांगून टाकल्यात.

साधे रीसेल राइट्स म्हणजे तुम्ही विकू शकता, पण तुमच्याकडून घेणाऱ्याने फक्त वापरायचं. मास्टर रीसेल राइट्समध्ये तुमचं गिऱ्हाईकही पुढे विकू शकतं. दोन्हींत सहसा माल आहे तसाच विकायचा असतो, आतला मजकूर आणि लेखकाचं नाव न बदलता. नाव बदलायची, मजकूर कापायची, स्वतःचं लेबल लावायची मुभा तिसऱ्या प्रकारात येते. त्याला प्रायव्हेट लेबल राइट्स म्हणतात. आणि ही मुभा तुम्हाला मिळाली तरी ती गिऱ्हाइकाला पुढे द्यायला बहुतेक परवान्यांत मनाई असते.

बेळगावातल्या वडगावच्या मागावरची साडी डोळ्यांसमोर आणा. विणणारा बिनलेबलची साडी देतो, व्यापारी तिला आपलं लेबल लावतो. म्हणून काही तो नक्षीचा मालक होत नाही. तीच नक्षी विणकराने आणखी दहा व्यापाऱ्यांना दिली असेल, तर त्यांच्याशी भांडायला याच्या हातात काही नाही. प्रायव्हेट लेबलचं असंच आहे. तुम्ही कव्हरवर नाव घातलंत, शेजारच्याने त्याचं घातलं. आत पुस्तक एकच, दोघेही रीतसर, आणि ‘माझं चोरलं’ म्हणायची सोय दोघांनाही नाही.

आता माझ्या बंडलात काय होतं ते सांगतो. झिपच्या आत झिप, तिच्या आत २३ फोल्डर. परवान्याची फाइल सापडली ती फक्त चारांत. एका इंग्रजी ई-बुकाची मी उघडली. नोटपॅडमधली साधी यादी, प्रत्येक ओळीच्या आधी चौकटी कंसात होय किंवा नाही. होय, विकता येईल. होय, इतर मालाबरोबर पॅकेजमध्ये देता येईल. नाही, फुकट वाटता येणार नाही. नाही, मजकूर बदलता येणार नाही. नाही, लेखक म्हणून स्वतःचं नाव घालता येणार नाही. म्हणजे विकणारा ज्याला ‘नाव बदला’ म्हणून विकत होता, त्याच्याच पोटात नाव बदलायची मनाई लिहिलेली. त्याने ती फाइल कधी उघडलीच नसणार. मीही पैसे भरल्यावर उघडली, हे कबूल.

उरलेल्या १९ फोल्डरांत कागदच नाही. तिथे काय समजायचं? आपल्या कायद्यात ‘मास्टर रीसेल’, ‘प्रायव्हेट लेबल’ हे शब्दच नाहीत. कलम ३० म्हणतं, परवाना हक्काच्या मालकाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने लेखी द्यायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोस्टरचा मालकाशी संबंधच नसेल तर त्यावर काहीही छापलेलं असू दे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

‘आयुष्यभर जगभर’ हे शब्द तर मला फार आवडले. हक्क दुसऱ्याला सोपवताना कलम १९ जे नियम लावतं, तेच कलम ३०-अ परवान्यालाही लावतं. त्यांतला एक असा: मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरायची. दुसरा: प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आयुष्यभर आणि जगभर हवं असेल तर मालकाच्या कागदावर तसं लिहिलेलं पाहिजे, पोस्टरवर लिहून भागत नाही.

“कॉपीराइटची कटकट नाही.”

माझ्या बंडलातलं गणपतीचं एक चित्र ८०० टक्के मोठं करून पाहिलं. सोंडेच्या खाली, फिकट, तयार फोटो विकणाऱ्या एका कंपनीचा अर्धवट पुसलेला वॉटरमार्क, म्हणजे तिच्या नावाचा शिक्का. ते चित्र मी पत्रिकेवर छापलं असतं तर पुसणारा कुठे राहतो हे मला माहीत नाही, पण पत्रिकेच्या तळाला माझ्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर असतो.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. ‘मी पैसे देऊन घेतलंय’ यावरून फार तर तुमची नियत ठरेल. परवाना त्यातून निर्माण होत नाही. ‘परदेशातलं आहे, कोण विचारतंय?’ हेही ऐकतो. आंतरराष्ट्रीय करारांमुळे त्या देशांतल्या लोकांच्या कृतींना आपल्याकडेही संरक्षण आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकल्यानंतरही कृती आपली आहे हे सांगायचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो.

फॉन्टांचं वेगळं सांगायला हवं, कारण ‘५०० मराठी फॉन्ट’ हे या बंडलांचं ठरलेलं आमिष. मुक्तासारखे काही चांगले देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखाली आहेत. ते वापरून पत्रिका करा, पुस्तक करा, विका. कुणाची हरकत नाही. पण तो परवानाच सांगतो की नुसता फॉन्ट म्हणून तो विकता येणार नाही. म्हणजे जे फुकट मिळतं तेवढंच उचलून विकणं त्यात बसत नाही. माझ्या बंडलातले बाकीचे बहुतेक फॉन्ट पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरबरोबरचे निघाले. श्रीलिपी या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला लागणारी छोटी कळ) कॉम्प्युटरच्या मागे खोचून ज्यांनी काम केलंय, त्यांना हे नावावरूनच कळेल. टेम्पलेटचेही थर मोजावे लागतात. मांडणी एकाची, चित्र दुसऱ्याचं, फॉन्ट तिसऱ्याचा. कॅन्व्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनात बनवलेलं डिझाइन विकता येतं, पण कॅन्व्हाच्या संग्रहातलं चित्र जसंच्या तसं सुटं काढून विकता येत नाही.

सगळेच बंडल चोरीचे असतात असं मी म्हणत नाही. प्रायव्हेट लेबलसाठीच लिहून देणारे लेखक आहेत, त्यांचा परवाना स्वच्छ असतो. जीपीएल या मुक्त परवान्याखालचं सॉफ्टवेअर तर बदलून, पैसे घेऊन उघड विकता येतं. फक्त मूळ कॉपीराइटच्या ओळी ठेवायच्या, सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) द्यायचा आणि तोच परवाना पुढे चालवायचा. मूळ कंपनीचं बोधचिन्ह मात्र त्यात येत नाही, तो ट्रेडमार्कचा मामला.

“१०० टक्के नफा.”

तुम्ही ज्या ग्रुपात विकणार, तिथल्या सगळ्यांकडे तोच बंडल आहे. मी ४९९ ला घेतला, पंधरा दिवसांनी तोच ९९ ला फिरत होता. मग कमाई कुठे? तर ‘हा बंडल विकायचा कसा’ हे शिकवणाऱ्या कोर्समध्ये, आणि तो कोर्सही पुढे विकायच्या हक्कासकट. जिथे मालापेक्षा नवीन माणूस आणण्यावरच पैसा मिळतो, तिथे १९७८ चा मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे आणि २०२१ चे डायरेक्ट सेलिंगचे नियमही अशा साखळीच्या, म्हणजे पिरॅमिड योजनांना मनाई करतात.

परवा खानापूरकडचा एक पोरगा दुकानात आला, मोबाइल पुढे धरून. “काका, घेऊ का ओ हे? ४९९ च हायत. खरं, फसवणूक नव्हे न्हवं?” मी त्याला माझा बंडल उघडून दाखवला. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, त्याच्या आईच्या बचत गटाची हिशेबाची वही तो स्वतःच एक्सेलमध्ये करतो, मराठी आणि कन्नड दोन्ही मथळे घालून. शेजारच्या दोन गावांतल्या गटांनीही मागितलीय.

“मग ती वीक की.”

“खरं, परवाना काय म्हणून द्यायचा?”

चार ओळी लिहून दिल्या. ही फाइल घेणाऱ्या गटाने स्वतःच्या हिशेबासाठी वापरावी, हव्या तितक्या प्रती छापाव्यात. गटाचं नाव वर घालावं, खालचं करणाऱ्याचं नाव काढू नये. फाइल दुसऱ्या गटाला विकू किंवा पाठवू नये. हा परवाना भारतापुरता.

त्याने वाचलं आणि विचारलं, “मुदत किती घालू काका?”

“काहीच घातली नाहीस तर कायदा ५ वर्षं धरतो,” म्हटलं. “त्या बायकांना ५ वर्षांनी वही बंद करायला सांगणार आहेस काय?”

त्याने पेन घेतलं आणि चौथ्या ओळीपुढे ‘मुदत : कायम’ लिहिलं.