‘फिल्मवरचं आकाश खरं होतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

हौशी खगोलछायाचित्रकारांमध्ये एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो आहे. थोडक्यात तो असा: फिल्मच्या काळात आकाशाचा फोटो म्हणजे पुरावा असायचा, शटर उघडलं की जे उमटलं तेच खरं. आता शेकडो फोटो एकावर एक रचून कॉम्प्युटर चित्र ‘तयार करतो’. रंग मनाला येतील तसे भरतात. कौशल्य संपलं. निगेटिव्ह शंभर वर्षं टिकते, हार्ड डिस्क नाही. आणि एवढं करून नवं काही सापडत नाही, नुसती सुंदर चित्रं निघतात.

मी फिल्मवर बरीच वर्षं काढली. तो काळ मला प्रिय आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल चुकीचं पसरलेलं बघवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

‘फिल्मवर जे पडलं तेच उमटायचं.’ नाही. शंभर फोटॉन पडले तर फिल्मवर दोन-तीनच नोंदले जायचे. त्यात दीर्घ एक्स्पोजरला आणखी एक अडचण होती. सिल्व्हर हॅलाइडच्या कणात टिकाऊ ठसा उमटायचा तर थोड्या वेळात अनेक फोटॉन यावे लागतात. तेजोमेघाचा प्रकाश इतका मंद असतो की पहिल्या फोटॉनने तयार झालेला चांदीचा अणू पुढचा फोटॉन येईपर्यंत विरून जायचा. म्हणजे वेळ दुप्पट दिला तरी प्रकाश दुप्पट साठत नसे, आणि सर्वांत मंद भागालाच सर्वांत जास्त फटका बसे. यालाच रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. यावर उपाय म्हणून फिल्म आधी ‘हायपर’ करायची पद्धत होती: कोडॅकच्या टेक्निकल पॅन २४१५ या कृष्णधवल फिल्मचा रोल टाकीत ठेवायचा, हवा काढून घ्यायची, थोडं हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन भरायचा आणि तासन् तास गरम ठेवायचा. फोटो काढण्याआधीच फिल्मवर इतकी प्रक्रिया व्हायची.

नंतरचं काम डार्करूममध्ये. मृग तेजोमेघाचा गाभा जळू नये म्हणून एनलार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रत काढायच्या यंत्राखाली) बाकीच्या भागावर हाताने सावली धरणं, दोन निगेटिव्ह तंतोतंत जुळवून एकत्र छापणं, कॉन्ट्रास्ट वाढवत प्रतीची प्रत काढणं हे सगळं नेहमीचं होतं. अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी काचेच्या प्लेटांवर हेच तंत्र कळसाला नेलं. अनशार्प मास्किंग, म्हणजे धूसर प्रतीच्या आधाराने बारकावे उठवणं, ते डार्करूममध्ये करत आणि तीन वेगवेगळ्या कृष्णधवल प्लेटांमधून रंगीत चित्र उभं करत. प्लेटेवर जेमतेम उमटलेलं वर काढण्याच्या त्यांच्या हातोटीतूनच १९८० च्या दशकात ‘मॅलिन १’ ही प्रचंड, अतिमंद दीर्घिका हाती लागली. त्याला कोणी बनवाबनवी म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

‘शेकडो फोटो रचले म्हणजे चित्र बनावट.’ सर्वांत जास्त पटणारा मुद्दा हाच, आणि सर्वांत जास्त चुकीचाही. रचणं म्हणजे भर घालणं नव्हे, सरासरी काढणं. तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, खरखर (चित्रातले विस्कळीत दाणे, ‘नॉइज’) मात्र दर वेळी वेगळी. शंभर फ्रेमची सरासरी घेतली की सिग्नलच्या तुलनेत खरखर दहा पटींनी कमी होते. मधूनच एखादं विमान गेलं, तर ते एका फ्रेममध्ये दिसतं आणि नव्व्याण्णवमध्ये नसतं, त्यामुळे ती रेघ ओळखून वगळता येते. फिल्मवर पन्नासाव्या मिनिटाला विमान आलं की अख्ख्या तासावर पाणी. शिवाय सेन्सरच्या चुका मोजण्यासाठी दुर्बिणीला झाकण लावून डार्क फ्रेम घेतात, सेन्सर-फिल्टरवरच्या धुळीची आणि कडेच्या अंधाराची नोंद म्हणून एकसारख्या उजेडाचे फोटो, म्हणजे फ्लॅट, घेतात. आपल्या साधनाची चूक स्वतंत्र मोजून वजा करण्याची सोय फिल्मवर अशी कधीच नव्हती.

आणि फ्रेम सुट्या असण्याचा एक मोठा फायदा असतो, तो काळाचा. सप्टेंबर २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो हे हौशी निरीक्षक नवा कॅमेरा तपासून बघत होते. शहरी उजेडामुळे एक्स्पोजर फक्त २० सेकंदांचे. एनजीसी ६१३ या दीर्घिकेत एक ठिपका उगवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तेजस्वी होत गेला. अतिनवताऱ्याचा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचा, अगदी पहिला उजेड होता तो. फ्रेमागणिक तेज मोजता आलं म्हणून त्याच्यावर शोधनिबंध झाला. तेच फिल्मवर दीड तास शटर उघडं ठेवलं असतं तर ठिपका कदाचित आला असता, पण त्याचं उगवणं त्याच्यातच बुडून गेलं असतं.

रंगांबद्दल फार बोलायची गरज नाही. रंगीत फिल्मचे तीन थर दीर्घ एक्स्पोजरमध्ये सारख्या वेगाने मंदावत नसत, म्हणून एकच तेजोमेघ एका फिल्मवर लाल आणि दुसरीवर निळसर यायचा. डोळ्याने दुर्बिणीतून बघितलं तर बहुतेक तेजोमेघ राखाडीच दिसतात. मग ‘खरा’ रंग कुठला? हायड्रोजन-अल्फाची रेषा, म्हणजे तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश, ६५६.३ नॅनोमीटरवर आहे, आणि कुठल्या फिल्टरमधून काय घेतलं हे आज लिहून ठेवता येतं. जे लिहीत नाहीत, त्यांच्याबद्दलची तक्रार मला मान्य आहे. काही फोनमध्ये चंद्राचे बारकावे सॉफ्टवेअर स्वतःच भरतं, त्याबद्दलची चीडही मान्य. पण तो दोष त्या सॉफ्टवेअरचा आहे, सेन्सरचा नव्हे.

‘कौशल्य संपलं.’ हे वाचून खरंच वाईट वाटलं. आम्ही काय करायचो ते सांगतो. गाईडस्कोपच्या, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवायला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीच्या, आयपीसमध्ये अंधुक लाल उजेडातल्या दोन काटकोनी रेषा, त्यांच्या छेदावर एक तारा. पाऊण तास, कधी तासभर तो तारा तिथून हलू द्यायचा नाही. हलला की बटण दाबून परत आणायचा. मान अवघडलेली, डोळ्याला पाणी, श्वास सोडताना तोंड बाजूला, नाहीतर आयपीसवर बाष्प. फोकस बरोबर होता की नाही, ते कळायचं रोल धुऊन आल्यावर. एकदा लॅबवाल्याने काळ्याभोर फ्रेम बघून ‘काही आलेलं नाही’ असं समजून निगेटिव्ह भलत्याच ठिकाणी कापल्या. माझी अख्ख्या हिवाळ्यातली सर्वांत चांगली फ्रेम मधोमध दुभंगली. त्यानंतर प्रत्येक रोलचा पहिला फोटो मी दिवसाउजेडी काढायला लागलो, कापणाऱ्याला चौकट कुठे सुरू होते ते दिसावं म्हणून.

आज तारा धरून ठेवायचं काम ऑटोगाईडर करतो. पण दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाशी जुळवणं सुटलेलं नाही. थंडी वाढत गेली की फोकस सरकतो, सेन्सर केसभर तिरका असला तरी एका कोपऱ्यातले तारे लांबतात, फ्लॅट चुकला तर तेजोमेघाच्या जागी धुळीची वर्तुळं दिसतात. फरक एवढाच की चूक पहिल्या दोन मिनिटांत दिसते आणि त्याच रात्री सुधारता येते. माझ्या फिल्मच्या वर्षांत एक चूक समजायला महिना लागायचा. नवशिक्याला तो महिना वाचतो, याचं मला मनापासून समाधान आहे.

टिकण्याचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा. हार्वर्डकडे सुमारे पाच लाख काचेच्या प्लेटा आहेत आणि शतकापूर्वीचं आकाश आजही त्यांवर वाचता येतं. आपल्या फायली आपणहून टिकणार नाहीत. दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवणं, दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवणं हे कंटाळवाणं काम करावंच लागेल. त्यात आणखी एक मान्य करतो: सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांपुढे फिल्मचं क्षेत्र अफाट होतं. १९९० च्या दशकातल्या एसबीआयजी एसटी-७ या खगोल-कॅमेऱ्याची चिप ६.९ बाय ४.६ मिलिमीटर, फिल्मची चौकट ३६ बाय २४. त्या वेळी फिल्म न सोडणारे हट्टी नव्हते, त्यांचा हिशेब बरोबर होता.

राहिला ‘नवं काही सापडत नाही’ हा मुद्दा. देवयानी दीर्घिकेचा सर्पिल आकार फोटोत प्रथम दाखवला तो आयझॅक रॉबर्ट्स यांनी, १८८८ मध्ये. तेही हौशीच. तेव्हापासून आकाशात इतके फोटो क्वचितच दुसऱ्या कशाचे निघाले असतील. तरी तिच्या शेजारी चंद्रबिंबाच्या सुमारे तिप्पट लांबीची ऑक्सिजनची कमान आहे, हे कोणाला माहीत नव्हतं. २०२२ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींना ती दिसली, छोट्या दुर्बिणीतून, ऑक्सिजनच्या प्रकाशाच्या (५००.७ नॅनोमीटर) फिल्टरमधून घेतलेल्या कित्येक तासांच्या फ्रेम रचल्यावर. आधी त्यांनाही शंका आली की हे परावर्तन किंवा प्रक्रियेतली चूक असेल. म्हणून वेगळ्या दुर्बिणी, वेगळे कॅमेरे, वेगळे आकाश घेऊन इतरांनी तोच भाग पुन्हा टिपला. कमान त्याच जागी होती.