रविवारच्या मागावर

आमच्या पणजोबांचं नाव दुमिंग. मूळ पोर्तुगीज नाव दोमिंगुश, आणि शेवटचा 'श' गाळला की उरतो तो दोमिंगु, म्हणजे रविवार. मुंबईच्या माणसाला रविवार सहजासहजी हाती लागत नाही हे मान्य, पण सात महिने हुलकावण्या द्याव्यात?

सुरुवात बिल्डरपासून झाली. मरोळच्या बाजूला आमचं गावठाण आहे. ईस्ट इंडियन, म्हणजे आम्हा इथल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक लोकांची कौलारू घरं, मधोमध क्रूस, आणि चारी बाजूंनी काचेच्या इमारती वाकून आत बघतायत. बिल्डर आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "फक्त कागद क्लिअर करा." प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यावर आजोबा नाहीत, पप्पा नाहीत, थेट 'दुमिंग वल्द इनास'.

"हे कोण?" सिटी सर्व्हेच्या कारकुनाने विचारलं.

"माझे पणजोबा."

"हयात आहेत?"

"साहेब, असते तर दीडशेच्या वर वय झालं असतं."

"तोंडी नको. मृत्यूचा दाखला आणा."

तिथून घरी आल्यावर पहिली तपासणी आत्याची. आत्या सत्त्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, "दुमिंग पणजोबा प्लेगात गेले." प्लेग 1896 साली मांडवीत सुरू झाला आणि मग आजूबाजूला पसरला, तेव्हा साल मिळालं म्हणून मी खूश. तेवढ्यात काका म्हणाले, "गेले म्हणजे काय, शेतात झोपड्या बांधून राहायला गेले! सगळं गाव गेलं होतं. नंतर परत आले." आता 'गेले' या एका क्रियापदावर आमच्या खानदानाचे दोन तट पडले आहेत. दुसरीकडे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल 1902. प्लेगात गेलेल्या माणसाला सहा वर्षांनी मुलगा कसा झाला, हे आत्याला विचारायची माझी छाती झाली नाही. आत्याच्या हातात काठी असते.

मग पॅरिश ऑफिस. मी आता डोंबिवलीत राहतो. ऑफिस उघडं असतं तेव्हा मी नोकरीवर, म्हणून आंटींनी, म्हणजे ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंनी, रविवारी मिस्सा संपल्यावर तासभर वेळ दिला. म्हणजे रविवारी रविवार शोधायचा, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. घाटकोपरला पोहोचून मेट्रो पकडून मी तिथे जाईपर्यंत आंटी कुलपाची किल्ली पर्समध्ये टाकत असायच्या. तिसऱ्या रविवारी मी मिस्सालाच गेलो. माझी श्रद्धा अचानक वाढलेली बघून फादरनी प्रवचनात उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली आणि दोनदा माझ्याकडे बघितलं.

रजिस्टर म्हणजे पाट्यावरवंट्याच्या वजनाचं प्रकरण. चामड्याची पाठ, वाळवीने पानांत काढलेले बोगदे, आणि शाई चहाच्या रंगाची. भाषा पोर्तुगीज. शेवटी अनुक्रमणिका होती, तेव्हा हायसं वाटलं. पण ती आडनावाने नव्हे, पाळण्यातल्या नावाने लावलेली. 'डी' खाली दुमिंगांची रांग लागलेली, जणू रेशनच्या दुकानात. आडनावाचा उपयोग शून्य, कारण गावठाणात आमच्या आडनावाची सोळा घरं आहेत, आणि सोळाही घरांत बाईचं नाव मारिया.

त्यातून लिहिणाऱ्या पाद्रीबुवांना घाई. दोमिंगुश पूर्ण लिहायचा कंटाळा म्हणून मोठा 'डी' काढायचा आणि त्याच्या खांद्यावर बारीक 'ओएस' बसवायचा. मला पहिला तासभर ते तापमान वाटत होतं. म्हटलं, प्लेगाचे दिवस, ताप लिहून ठेवत असतील. आंटींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही शिकलेले किती?"

चौथ्या रविवारी आजोबा सापडले. नाव बरोबर, आई मारिया, साल 1902. बोट पुढे सरकवलं आणि खाली शब्द दिसले, 'पाय इंकॉग्नितु'. मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, वडील अज्ञात. मी रजिस्टर मिटलं. पुन्हा उघडलं. पंख्याखाली जाऊन बसलो. डोळ्यांसमोर आत्याची काठी, काकांचं ते 'परत आले', आणि बिल्डरचा चहा तरळून गेला. आमच्या घराण्याची अब्रू जवळजवळ दहा मिनिटं त्या टेबलावर पडून होती. मग आंटींनी स्टीलची पट्टी आणून ओळीखाली धरली आणि म्हणाल्या, "ही खालच्या पोराची ओळ आहे. तुमच्या ओळीत बाप आहे. हे बघा." पट्टीच्या वर, वाळवीच्या भोकाला चिकटून, खांद्यावर 'ओएस' बसवलेला 'डी' होता. तापमान, पण आपलं. मी आंटींना त्या दिवशी बॉटल मसाल्याची बाटली दिली. आत्याने केलेला, लाल, घरचा.

म्हणजे 1902 पर्यंत पणजोबा होते. पण त्यांच्या लग्नाची नोंद नाही, मृत्यूची नाही. फादरना विचारलं तर ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूचे झाले असतील." मला आधी वाटलं परलोक म्हणतायत. पण नाही. मुंबईत त्या काळी कॅथलिकांचे दोन धनी होते. एक गोव्याच्या आर्चबिशपांची पोर्तुगीज पाद्रोआदो, आणि दुसरी थेट रोमची प्रोपगांडा. 1794 साली चर्चची वाटणी झाली ती भावकीतल्या विहिरीसारखी, आणि हे दुहेरी राज्य 1928 पर्यंत चाललं. एखाद्याचं इकडच्या पाद्रीशी वाजलं की तो तिकडच्या चर्चमध्ये जायचा. काका लगेच म्हणाले, "दुमिंग ना? सणाच्या बँडच्या पैशांवरून भांडला होता." मी कपाळावर हात मारला. ही माहिती काकांकडे आधीपासून होती. मी बँडबद्दल विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितली नाही.

दुसऱ्या चर्चच्या वह्या लॅटिनमध्ये. तिथे ते दोमिनिकुस. लग्नाच्या वेळी वय चोवीस. मग सहा वर्षांनी एका बाप्तिस्म्याला ते गॉडफादर म्हणून उभे, तिथे वय चाळीस. पाद्रीने वय विचारलं असणार, आणि पणजोबांनी मासळीचा भाव सांगतात तसं गोल करून सांगितलं असणार.

दरम्यान टोरांटोचा चुलत भाऊ व्हॉट्सअॅपवर जागा झाला. त्याला दोन कल्पना सुचल्या. पहिली, पोर्तुगीज पासपोर्ट. गोव्यातल्या कितीतरी लोकांना मिळतो, मग आपल्याला का नाही? मी त्याला लिहिलं, बाबा रे, गोवा 1961 पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. आपली साष्टी, म्हणजे मरोळ धरून हे सगळं बेट, मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत, 1739 पर्यंत घेऊन टाकली. चिमाजी अप्पांमुळे आपला पासपोर्ट दोनशे बावीस वर्षांनी हुकला. त्याने रडका चेहरा पाठवला.

दुसरी कल्पना खानेसुमारी. त्याच्या बायकोचे पूर्वज इंग्लंडचे. तिला 1881 च्या खानेसुमारीत खापरपणजोबा, त्यांची बायको, सहा मुलं, मोलकरीण आणि धंदा खाटकाचा, असं सगळं घरबसल्या मिळालं. कारण तिथे शंभर वर्षं झाली की घराघराचे कागद खुले करतात. हिंदुस्थानातही 17 फेब्रुवारी 1881 ला मोजणी झालीच होती, मग दुमिंगही असणार, हे त्याचं गणित. त्याच्या आग्रहाखातर मी रजा टाकून काळा घोड्याला पुराभिलेखागारात गेलो. तिथल्या गृहस्थांनी अत्यंत प्रेमाने सांगितलं की आपल्याकडे बेरजा उरल्या, माणसं उरली नाहीत. घरोघरचे तक्ते जपलेच नाहीत, छापले ते एकूण आकडे. आणि आताचे कागद 1948 च्या कायद्याने गुप्त, कोणालाच बघता येत नाहीत. मी आकडा बघितला. मुंबई, 1881: 7,73,196. म्हटलं, चला, यात आमचे एक. भावाला फोटो पाठवला. 'यातला शेवटचा सहा म्हणजे पणजोबा असतील,' असंही लिहिलं.

तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "गावठाण कुठलं म्हणालात? मरोळ? मग ते यात नाहीत. हा आकडा मुंबई बेटाचा. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात. उपनगर जिल्हा झाला 1920 ला."

मी खुर्चीत बसलो. लग्नात, बारशात, खिमादचा, म्हणजे आमच्या मसालेदार दारूचा, ग्लास हातात घेऊन आमच्या घरातली प्रत्येक पिढी एकच वाक्य बोलत आली आहे, की आम्ही मुंबईचे मूळ रहिवासी, बाकीचे सगळे नंतर आले. आणि पणजोबा निघाले ठाणेकर! आता मी राहतो डोंबिवलीला, म्हणजे तोही ठाणे जिल्हाच. दीडशे वर्षांत आमचं घराणं मुंबईत शिरून परत बाहेर पडलं. ही बातमी मी व्हॉट्सअॅपवर टाकली नाही.

राहता राहिली कबर. ती बघायला गेलो तर सेमेटरीचा माणूस हसायला लागला. मुंबईत साधी कबर म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवरची जागा. काही वर्षं झाली की हाडं बाजूला काढतात आणि पुढचा भाडेकरू येतो. पणजोबांची जागा केव्हाच दुसऱ्याकडे गेलेली. नंतर किती जण येऊन गेले, त्याची पाटी नाही.

शेवटी आत्याच म्हणाली, "क्रूसावर बघितलंस का? क्रूस त्यांनीच बांधला ना." हेसुद्धा सातव्या महिन्यात! प्लेगाच्या दिवसांत गावोगाव असे क्रूस उभे राहिले, आजही वांद्र्यात, गिरगावात कोपऱ्या-कोपऱ्यावर दिसतात. आमच्याही क्रूसाच्या चौथऱ्यावर अक्षरं आहेत, पण दरवर्षी मे महिन्यात रोझरीच्या आधी चुना लावायची पद्धत. शंभरेक थर बसले असतील. अक्षरं पुरणपोळीतल्या वेलचीसारखी, आहेत एवढंच कळायचं.

रविवारी दुपारी मी आणि काकांचा मुलगा पाण्याची बादली, जुना टूथब्रश आणि पाच रुपयांचं नाणं घेऊन बसलो. समोरच्या घरातून दोन बायका ओरडल्या, "क्रूस खरवडता काय रे मेल्यांनो?" त्यांना आत्याने खिडकीतूनच गप्प केलं. चुन्याचा पापुद्रा नखाएवढा निघाला. मग बोटाएवढा. आधी आला 'डी'. काकांच्या मुलाने मला मिठी मारली. मग ओ, एम, आय, एन, जी, ओ. आत्या काठी टेकत बाहेर आली, तिने क्रूसाची खूण केली आणि डोळे पुसले. काका म्हणाले, "बघ! परत आला होता म्हणून बांधला ना? मी काय सांगत होतो?" फोटो काढले. टोरांटोला पहाटे साडेपाच वाजता गेले.

मी 'एस' शोधत पुढे खरवडत राहिलो. पुढे दगड सपाट होता. मग थोडी जागा सोडून आकडा आला, 7. मग नोव्हेंबरचा 'एन' आणि 'ओ'. मग 1897.

मी हळूच मोबाइल काढला आणि कॅलेंडर मागे ढकलत नेलं. 7 नोव्हेंबर 1897.

"काय वार येतो?" काकांच्या मुलाने विचारलं. त्याच्या हातात अजून नाणं होतं.

मी स्क्रीन त्याच्यासमोर धरली. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आत्याकडे बघितलं. आत्या चौथऱ्यावर मेणबत्ती लावत होती, आणि त्या ओरडणाऱ्या दोघी बायका आता हात जोडून तिच्या मागे उभ्या होत्या.

"चुना कोणाच्या घरी आहे?" तो म्हणाला.