दार १९५६ च्या आधीचं हवं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सीमाभागातल्या मुलांसाठी समांतर जगांची कादंबरी कशी रचावी, या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. नियमांनी कल्पनेचा गळा आवळला जातो. पलीकडच्या जगात मुलाला स्वतःचंच दुसरं रूप भेटत नाही, मग मजा काय. आणि १९५६ चं राजकारण कोवळ्या वाचकांपुढे कशाला.

नियम खरं तर एकच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात न जाता मुंबई राज्यातच राहिलं, एवढाच दोन जगांतला फरक. (राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ मध्ये. छप्पन सालच्या कागदावर ‘कर्नाटक’ लिहिलंत की जाणता वाचक तिथंच पुस्तक मिटतो.) त्या तारखेआधीचं सगळं दोन्हीकडे सारखं, म्हणून ये-जा करायचं दारही त्याआधीच्याच वास्तूत हवं. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, चालेल. काँग्रेसच्या १९२४ च्या अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली काँग्रेस विहीर तर उत्तमच. सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, चालणार नाही. त्याचं उद्घाटन २०१२ चं. पलीकडे ती इमारतच नसणार, आणि वरच्या मजल्यावर दार उघडलं तर मूल थेट खाली कोसळेल. ही असली अडचण लेखकानं आधीच हेरली, तर तिच्यातूनच एखादं थरारक प्रकरण मिळतं. नियम कल्पनेला असं खाद्य पुरवतात.

आता दुसरं रूप. आज तेरा वर्षांचा असलेला मुलगा पलीकडे जन्मलाच असेल, हे कशावरून? राज्य बदललं की नोकऱ्या बदलल्या, बदल्यांची गावं बदलली, सोयरिकी वेगळ्या घरांत जुळल्या. त्याचे आईबाप तिकडे एकमेकांना भेटलेच नसतील. पण छप्पनच्या आधी जन्मलेली माणसं दोन्ही जगांत असतात, म्हणजे घरात उरते आजी. वडगावच्या विणकर गल्लीत तेच घर, तोच उंबरा. मुलगा सवयीनं चपला काढून आत शिरतो, पाण्याच्या हंड्याकडे वळतो आणि मागून आवाज येतो, “कुणाचा रं तू? कुणाकडं आलायस?” गुळाचा डबा कुठल्या फळीवर असतो ते त्याला ठाऊक, तिचा कुठला गुडघा दुखतो तेही ठाऊक, आणि तिला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. स्वतःसारखाच दिसणारा मुलगा भेटला तर दोन पानं गंमत होते. ही भेट अख्खं प्रकरण मागते. तिथं घाई करू नका, आजीला लगेच सगळं कळलं असं तर मुळीच दाखवू नका.

त्याच्या दप्तरात काय आहे, याचाही विचार हवा. थोरल्या बहिणीची एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीची, गुणपत्रिका असली, तर तिच्यावर एकूण गुण ६२५ असतात, कारण प्रथम भाषेचा पेपर १२५ चा. पलीकडच्या शाळेतले सर ती खोटीच ठरवतील. गाडीच्या पाटीवरचं केए-२२ (कर्नाटकातल्या बेळगावचा क्रमांक) जे सांगेल, तेच ही गुणपत्रिका जास्त जिव्हारी लागेल असं सांगते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘पलीकडे बेळगाव महाराष्ट्रात आहे आणि सगळे सुखात आहेत’ अशी कादंबरी मीही मुलांच्या हाती देणार नाही. म्हणूनच पलीकडची सोबतीण कन्नड घरातली हवी. आपला मुलगा इकडे कचेरीत कन्नड अर्जापुढे जसा अडतो, तशी ती तिकडे मराठी अर्जापुढे अडते. आपल्याकडे १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. तिच्या गल्लीत १ मेला दंडावर काळ्या फिती दिसू द्या. मुलांना हे कळतं. सीमाभागातली मुलं या गोष्टी रोज बघतच मोठी होतात, त्यांच्यापासून लपवण्यासारखं यात काही उरलेलं नाही. इथं लेखक हमखास करतात ती चूक म्हणजे पलीकडच्या बाजारातून कन्नड पुसून टाकणं. छप्पनच्या आधीही बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा होत्याच, मग तिकडे भाजीवालीच्या तोंडून कन्नड का जावी?

दुसऱ्या भागासाठी तिसरं जगही तयार आहे. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं बेळगाव आहे तिथंच ठेवलं, पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायला सांगितलं, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर महाराष्ट्रातून म्हैसूर राज्याला. तो अहवाल अमलात आलेलं जग घ्या. खानापूरचं पोर कॉलेजसाठी बेळगावला जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटर येतं आणि रोज दोनदा राज्याची हद्द ओलांडतं. अक्कलकोटचं पोर बेंगळुरूच्या राज्यात जातं. पण हे जग पहिल्या भागात आणू नका. आधीची दोन जगं वाचकाच्या डोक्यात पक्की बसायलाच शंभरेक पानं जातात, आणि तिन्हीकडे वेळ एकाच गतीनं चालवलीत तरच पाऊस, परीक्षा आणि जत्रा यांचा मेळ बसतो.